स्थलांतरित मातांचे मानसिक आरोग्य आणि दूरध्वनीवरील विचारपूस

(धावडा येथे झालेल्या वार्षिक सभेतील भाषण)



वार्षिक सभेत वर्षभराचा हिशेब मांडण्याची आपली प्रथा आहे. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती प्रसूती सुखरूप पार पडल्या, हे देणगीदारांना कळलेच पाहिजे. आज मात्र मी आपले लक्ष एका निराळ्या रुग्णाकडे वेधू इच्छिते. ती गरोदरपणी आपल्या नोंदवहीत येते, एखाद-दोन तपासण्यांना हजर राहते, लोहाच्या गोळ्या घेऊन जाते. दिवाळी झाली की तिच्या नावापुढे 'गावी नाही' एवढाच शेरा पडतो. ती कोठे गेली हे आपल्याला ढोबळमानाने ठाऊक असते. ती कशी आहे, हे मात्र तिला कोणीच विचारलेले नसते. या न विचारलेल्या प्रश्नाविषयी मला आज बोलावयाचे आहे.

धावडा हे गाव भोकरदन तालुक्याच्या उत्तर भागात, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ आणि बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेलगत वसलेले आहे. मिरची, मका आणि कापूस यांवर येथील संसार चालतो, आणि ही पिके पावसावर चालतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या, हे आपणांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. शेतात काम उरले नाही की माणसाचे पाऊल बाहेर पडते. कोणी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, कोणी वीटभट्टीवर, कोणी वाळूजच्या कारखान्यांत, कोणी पुण्याच्या बांधकामांवर, तर कोणी सुरतेस. पुरुषाबरोबर त्याची पत्नी जाते आणि तिच्या कडेवर किंवा पोटात मूल असते.

याउलट आपल्या जालना शहरातील लोखंडाच्या कारखान्यांत मध्य प्रदेश, बिहार आणि उत्तर प्रदेशातून मजूर येतात. ८ मे २०२० रोजी जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर विसावले असताना मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते मध्य प्रदेशातील होते. त्यांच्या घरी असलेल्या स्त्रियांना ती वार्ता शेकडो कोसांवरून ऐकावी लागली. स्थलांतराला अशी दोन टोके असतात आणि मनाचा ताण दोन्ही टोकांना असतो.

युद्धामुळे किंवा छळामुळे देश सोडावा लागलेल्यांना आपण निर्वासित म्हणतो. आपल्या तालुक्यातील माता त्या अर्थाने निर्वासित नाही. तिच्याजवळ आधारपत्र आहे, शिधापत्रिका आहे, मतदानाचा हक्क आहे. तथापि बाळंतपणाच्या दिवसांत परमुलखात ओळखीचे माणूस नसणे, घराऐवजी कोपी असणे, भाषा न समजणे आणि दवाखान्यात आपली नोंद नसणे, या चार गोष्टी जगभरच्या निर्वासित मातांप्रमाणेच तिच्याही वाट्याला येतात. म्हणून त्या मातांसाठी इतर देशांत जे उपाय योजले गेले, त्यांतील काही आपल्यालाही उपयोगी पडतील.

पदराआड राहणारा आजार

प्रथम आजार समजून घेऊ. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत अनेक स्त्रियांना उगाच रडू येते, मन हळवे होते. विश्रांती आणि घरच्यांची माया मिळाली की ते आपोआप ओसरते. परंतु उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक गेली, बाळाकडे पाहूनही आनंद वाटेनासा झाला, आपण कुचकामी आहोत असे सतत वाटू लागले, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित विचार करणारा लेख २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्या देशात सुमारे २२ टक्के मातांना या नैराश्याचा त्रास होतो. म्हणजे साधारणतः पाच मातांमागे एक.

तिसरा प्रकार विरळ, पण अतिशय गंभीर आहे. हजार बाळंतपणांमागे एक-दोन मातांना भास होतात, भलतेसलते संशय येतात, झोप पूर्णपणे उडते आणि वागण्या-बोलण्याचा ताळमेळ सुटतो. पुष्कळदा यास बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे धाव घेतली जाते. हा तातडीचा वैद्यकीय प्रसंग आहे, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावे.

आपल्याकडील स्त्री 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. ती म्हणते, डोके भणभणते, जीव घाबरा होतो, अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही. मग डोक्याची गोळी दिली जाते, सलाईन लावले जाते आणि मूळ दुखणे तसेच राहते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के मनोरुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. एका जागी राहणाऱ्यांची ही स्थिती आहे. दर हंगामाला गाव बदलणाऱ्या मातेची स्थिती याहून बरी असेल, असे मानण्यास काहीही आधार नाही.

कोयत्याचा हिशेब

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती टनांच्या हिशेबाने फेडावयाची असते. दोघांपैकी एक जण कामावर आला नाही तर खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीत मिळविला जातो. पहाटेच्या अंधारात स्वयंपाक उरकून फडात जावयाचे, दिवसभर तोडणी करावयाची, मोळ्या बांधावयाच्या आणि वाहन येईल त्या वेळी, मध्यरात्र असली तरी, डोक्यावरून मोळ्या वाहून ते भरावयाचे. ओली बाळंतीणही यातून सुटत नाही.

या हिशेबात आजाराला स्थान नाही. शारीरिक आजाराचे काय होते हे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात उघड झाले. नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या माहितीप्रमाणे ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा पडू नये म्हणून ज्या व्यवस्थेत शरीराचा अवयव काढून टाकण्यापर्यंत वेळ येते, त्या व्यवस्थेत 'मला आज उठवत नाही, मन लागत नाही' असे म्हणण्याची मुभा स्त्रीला कोठून मिळणार? ती उठते, काम करते आणि आतल्या आत विझत जाते. बाळाला वेळेवर पाजणे, त्याच्याशी बोलणे, लस टोचून घेणे हे सारे हळूहळू सुटते. मातेच्या मनाचा आजार बाळाच्या वजनकाट्यावर दिसू लागतो, तेव्हा कोठे आपल्याला तो जाणवतो.

निघण्यापूर्वीच ओळख हवी

आता उपायांकडे वळू. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. महत्त्वाची बाब अशी की, यांतील ७८ टक्के स्त्रियांना मनाचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. अर्ध्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याचे दुःख ही प्रमुख कारणे होती.

आपल्या दृष्टीने या आकडेवारीचा अर्थ असा की, दिवाळीनंतर गाव सोडणारी जी माता पौष-माघात कोपीवर आजारी पडणार आहे, तिच्या आजाराची चाहूल पुष्कळदा भाद्रपद-आश्विनातच, आपल्याच दवाखान्यात, रक्तदाब मोजताना लागू शकते. त्यासाठी यंत्र लागत नाही. एडिंबरा येथे तयार झालेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरात आहे. ती पाच-दहा मिनिटांत भरून होते. आशाताई किंवा परिचारिका ती सोप्या मराठीत, हिंदीत किंवा गोरमाटीत विचारू शकते. मात्र नवरा आणि सासू यांना थोडा वेळ बाहेर बसवावे लागते.

निघण्यापूर्वी भेट व्हावी, यामागे एक कायदेशीर कारणही आहे. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार रुग्णाने डॉक्टरची प्रत्यक्ष भेट घेतलेली असेल, तर सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरशी दुरून केलेला सल्ला हा पुढील तपासणी म्हणून धरला जातो, आणि डॉक्टरला चालू उपचार पुढे नेण्यास अधिक मोकळीक मिळते. पहिलाच सल्ला दुरून घेतला तर औषध लिहून देण्यावर अधिक बंधने येतात. ऊसतोडीचा हंगाम साधारणतः पाच-सहा महिन्यांचा असतो. म्हणजे आश्विनात झालेली एक भेट तिला जवळजवळ संपूर्ण हंगामभर पुरू शकते. ती भेट हुकली, तर कितीही चांगला दूरध्वनी आणून दिला तरी तो अर्धाच उपयोगी पडतो.

दूरध्वनीने काय साधते

१० ऑक्टोबर २०२२ रोजी भारत सरकारने टेलिमानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसाचे चोवीस तास, वीस भाषांत, विनामूल्य बोलता येते. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचे मार्गदर्शन करते. हा क्रमांक आपल्या प्रत्येक नातेवाईकाने आजच लिहून घ्यावा. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यासाठी जालना येथे असे रुग्णालय उभारण्यास शासनाने २०२२ मध्ये मान्यता दिली. धावड्यासारख्या गावाला आजवर अंतराचा जो अडसर होता, तो अशा सेवेने निश्चितच कमी झाला आहे.

तथापि या आजाराचा स्वभाव लक्षात घ्या. नैराश्य माणसाची उमेदच हिरावून घेते. जिला अंथरुणातून उठणे जड झाले आहे, तिने क्रमांक आठवावा, फोन मिळवावा, अनोळखी आवाजाशी आपले घरगुती दुःख बोलावे, ही अपेक्षा फार मोठी आहे. म्हणून हाक तिच्याकडून येण्याची वाट पाहू नये. ओळखीच्या माणसाने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तिला हाक द्यावी. बाळंतिणीची विचारपूस ही आपली जुनी रीत आहे. माहेरून कोणी ना कोणी खुशाली विचारावयास येत असे, डिंकाचे लाडू येत, आणि त्या निमित्ताने बाळंतिणीला मन मोकळे करता येई. कोपीवर ती रीत पोहोचत नाही. ती पोहोचविण्याचे काम दूरध्वनी करू शकतो.

असे साधे बोलणे म्हणजे उपचार कसा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान यांनी गावपातळीवरील आरोग्य सेविकांना प्रशिक्षण देऊन हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या नैराश्यग्रस्त मातांकडे प्रशिक्षित सेविका नियमितपणे जात होत्या, त्यांच्यापैकी सहा महिन्यांनी २३ टक्के आजारी होत्या. ज्यांच्याकडे केवळ नेहमीच्या भेटी झाल्या, त्यांच्यापैकी ५३ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ही पद्धत पुस्तिकारूपाने सर्वांस उपलब्ध करून दिली. पुढे गोव्यात गावातल्याच अनुभवी मातांना शिकवून हे काम त्यांच्या हाती देण्यात आले. त्यांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या शेजारच्या विदर्भातही असा दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या 'विश्राम' या उपक्रमात गावातील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मानसिक आजाराविषयी बोलावयास सुरुवात केली. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. या दोन्ही ठिकाणी सेवा देणारी व्यक्ती गावच्या परिचयाची होती, हे विशेष.

भाषेचा प्रश्नही दूरध्वनीने सुटू शकतो. ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्ये परदेशांतून आलेल्यांसाठी दूरध्वनीवरील दुभाषांची सेवा सुरू केली. डॉक्टर एकीकडे, रुग्ण दुसरीकडे आणि दोघांची भाषा जाणणारी तिसरी व्यक्ती फोनवर, अशी ती योजना आहे. बेळगाव किंवा बागलकोट भागातील दवाखान्यात कानडी बोलणाऱ्या डॉक्टरांपुढे आपली माता गोंधळून उभी असेल, तेव्हा आपल्या रुग्णालयातील एखाद्या ताईचा आवाज फोनवरून तिच्या मदतीस येऊ शकतो. जालन्यात राहणाऱ्या बिहारी मातेसाठी तिच्या गावाकडील आशाताई हेच करू शकेल.

फोन कोणाच्या हातात आहे

येथे एक व्यावहारिक अडचण आहे आणि ती लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात स्वतः वापरता येईल असा मोबाईल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. उरलेल्या स्त्रियांसाठी फोन म्हणजे नवऱ्याचा, दिराचा किंवा मुकादमाचा. कोपीत भिंती नसतात, फोनचा आवाज मोठा असतो, शेजारी टोळी बसलेली असते. अशा वेळी 'घरात मारहाण होते का?' असे विचारणे तिला संकटात टाकणारे ठरेल.

यावर तोडगे आहेत. निघण्यापूर्वीच्या भेटीत तिच्याशी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. फोन आठवडी बाजाराच्या दिवशी यावा की सायंकाळी स्वयंपाकाच्या वेळी, हे तिने सांगावे. जवळ कोणी ऐकत असेल तर तिने एखादे ठरलेले, साधे वाक्य बोलावे, जसे 'भाकरी तव्यावर आहे'. ते ऐकताच आपल्या ताईने बाळाच्या लसीविषयी बोलून फोन ठेवावा आणि पुन्हा केव्हा बोलावयाचे ते विचारावे. तिने नुसता मिस्ड कॉल दिला तरी आपण उलट फोन करावा, म्हणजे तिचे पैसे खर्च होणार नाहीत. प्रश्न असे असावेत की तिला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर द्यावे लागेल. या उपायांना खर्च अत्यल्प येतो. त्यांना विचार आणि शिस्त मात्र लागते.

याच जागी दूरध्वनीची मर्यादाही सांगितली पाहिजे. फोनवरून बाळाचे वजन कळत नाही, मातेच्या अंगावरचे वळ दिसत नाहीत. भास होत असतील, स्वतःस किंवा बाळास इजा करण्याचे विचार येत असतील, तर बोलण्यावर भागवू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिला बोलावून मातेस त्वरित जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक उपचार मिळणे हा या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे. तीन वर्षांखालील बाळाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे करू नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. 'तिला दाखल केले तर बाळ तुटेल' या भीतीने उपचार लांबविणाऱ्या कुटुंबांना हे कलम अवश्य सांगावे.

संस्थेपुढील काम

विश्वस्त महोदय आणि देणगीदार बंधू-भगिनींनो, आता आपल्या संस्थेने काय करावे, याविषयी माझी नम्र सूचना मांडते.

पहिली गोष्ट, गणेशोत्सव ते दिवाळी या काळात, टोळ्या निघण्यापूर्वी, प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेची मनाची तपासणी व्हावी आणि जिला गरज असेल तिची डॉक्टरांशी समक्ष भेट घडवून आणावी. तिचे नाव, जाण्याचे ठिकाण, कारखाना आणि फोन करण्याची वेळ ही माहिती एका बंद वहीत राहावी. ती मुकादमास किंवा अन्य कोणास दाखविली जाऊ नये. २०२१ मध्ये सुरू झालेल्या पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरित लाभार्थीची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे नेण्याची सोय आहे. आपल्या अंगणवाडीताईंच्या साहाय्याने तीही करून घ्यावी.

दुसरी गोष्ट, हंगामाच्या काळात एक प्रशिक्षित समुपदेशक ताई केवळ याच कामासाठी असावी. ती याच भागातील असावी, तिला येथील बोली यावी आणि तिला बसण्यास दार लावता येईल अशी एक खोली असावी. हंगामाच्या मध्यावर तिने एकदा तरी कोप्यांवर जाऊन मातांना प्रत्यक्ष भेटावे. देणगीदारांना इमारतीवर नाव कोरलेले पाहण्याचा आनंद मिळतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु एका ताईचे सहा महिन्यांचे वेतन, एक खोली आणि फोनचा खर्च या देणगीवर कोनशिला बसविता येत नाही. म्हणूनच ती देणगी क्वचित मिळते. आज मी ती मागते आहे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. पुढील वर्षीच्या अहवालात 'इतके फोन केले' असा आकडा छापून समाधान मानू नये. फोन मोजणे सोपे आहे. देणगीदारांनी वेगळा प्रश्न विचारावा: दिवाळीपूर्वी ज्या माता आपल्याला भेटल्या, त्यांपैकी गुढीपाडव्यानंतर किती जणी पुन्हा समोर येऊन बसल्या, त्यांची आणि बाळांची प्रकृती कशी होती, आणि ज्या आल्या नाहीत त्यांचे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर पहिल्या वर्षी कदाचित समाधानकारक नसेल. तरीही ते छापावे. उपचाराचा धागा कोठे तुटतो हे त्यावरूनच कळेल.

कुटुंबीयांना दोन शब्द

शेवटी येथे बसलेल्या सासवांना, नवऱ्यांना, आई-वडिलांना माझी विनंती आहे. बाळंतीण गप्प राहू लागली, तिचे जेवण सुटले, ती बाळाला हातात घेईनाशी झाली, तर तिला आळशी म्हणू नका, नजर लागली म्हणून दिवस दवडू नका. हा आजार बरा होणारा आहे. अंगावर पाजणाऱ्या मातेलाही चालतील अशी औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावीत आणि त्यांच्या सल्ल्यावाचून मध्येच बंद करू नयेत. तिला रात्री सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी व्यवस्था करा. मुलगी झाली म्हणून तिला बोल लावू नका; असे बोल तिला आजारी पाडू शकतात, हे मघाशी सांगितलेल्या अभ्यासावरून आपल्या ध्यानात आले असेल. आणि तुमची लेक पुण्यात असो, सुरतेत असो किंवा सातासमुद्रापार असो, फोनवर 'बाळ कसे आहे?' असे विचारून झाल्यावर थोडे थांबा आणि 'तू कशी आहेस?' हे स्वतंत्रपणे विचारा. तिच्या उत्तराची घाई करू नका.

धावड्याहून ऊस पिकतो तेथवर ऊस तोडावयास माणसे जातात, तर येथून तेथवर एक ओळखीचा आवाज जाणे अशक्य नाही. तारेचा आणि यंत्राचा प्रश्न शासनाने बऱ्याच अंशी सोडविला आहे. ओळखीचा प्रश्न आपणच सोडवावयाचा आहे, आणि तो टोळ्या निघण्याच्या आधी, या गावात, याच रुग्णालयात सोडवावा लागेल. विश्वस्त मंडळाने येत्या हंगामापूर्वी याविषयी ठराव करावा, अशी आग्रहाची विनंती करून मी माझे भाषण पूर्ण करते.